मेस्तरी म्हणतो ‘चारही इंजेक्टर गेले’, पण खरंच गेलेत का? खिसा मोकळा करण्याआधी हे वाचा

लग्नसराईचे दिवस होते. मामा शिरपूरहून गाडी घेऊन निघाले, आम्हाला धुळ्यात घेतलं आणि जळगावचा रस्ता धरला. पारोळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. एरंडोलच्या अलीकडे गाडीचा पिकअप गेला. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, काटा साठच्या पुढे सरकेना. मागे काळा धूर, समोर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. बांभोरीला गिरणेचा पूल आला तोवर मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न मारून मारून आमची वरात आधीच काढली होती. जळगावात पोहोचलो तेव्हा हळद लागून गेली होती.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, “भाऊ, चारही इंजेक्टर गेले. बदलावे लागतील.” आकडा सत्तर हजारांच्या आसपास होता. मामांनी गाडी तशीच हळूहळू चालवत धुळ्याला परत आणली. तिथल्या एका डिझेल लॅबवाल्याने बॉनेट उघडायच्याही आधी विचारलं, “काय व्हयनं भाऊ? डिझेल कुठून भरतात?”

सगळ्या गोष्टीची मेख या प्रश्नातच आहे. डिझेल गाडीचा इंजेक्टर आपोआप क्वचित बिघडतो. बहुतेक वेळा त्याला बिघडवलं जातं. कसं, ते आधी समजून घेऊ. म्हणजे गॅरेजमध्ये काय विचारायचं ते आपोआप कळेल.

इंजेक्टर म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची फवारणी झाली की ते पेट घेतं. ही फवारणी करणारा नळ म्हणजे इंजेक्टर. त्याच्या टोकाला बारीक भोकं असलेला भाग असतो, त्याला नोझल म्हणतात. जुने मेस्तरी तर अख्ख्या इंजेक्टरलाच ‘नोझल’ म्हणतात.

आपल्याकडे जुन्या मंडळींच्या तोंडी ‘मायकोचा पंप, मायकोचं नोझल’ हे शब्द अजून आहेत. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये सुरू झालेली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. या कंपनीचा नोझल आणि इंजेक्टर बनवणारा मोठा कारखाना कुठे आहे माहितीय? नाशिकला, सातपूरमध्ये. नाशिकचं मायको सर्कल तिच्याच नावावरून. म्हणजे ज्या भागासाठी आपण डोक्याला हात लावून बसतो तो देशभर जातो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून.

पूर्वीच्या जीपगाड्यांमध्ये, ट्रॅक्टरमध्ये साधे मेकॅनिकल इंजेक्टर असायचे. ते साधारण दोनशे बारच्या आसपास दाबाला उघडायचे. मेस्तरी ते काढायचा, हाताने दांडा मारून टेस्ट करायचा, आतली पातळ चकती बदलून प्रेशर सेट करायचा आणि तासाभरात गाडी हातात द्यायचा. नंतर कॉमन रेल आलं. जगात १९९७ मध्ये पहिल्या कॉमन रेल कार बाजारात आल्या आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्या रस्त्यांवरही त्या सर्रास दिसू लागल्या. गाडीच्या मागे ‘सीआरडीआय’, ‘डीडीआयएस’, ‘सीआरडीई’ असं काहीतरी लिहिलेलं असतं ना, त्या सगळ्या याच.

कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत जातो, काही गाड्यांत २,००० बारपर्यंत. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. म्हणजे टायरच्या सातशेपट! नोझलची भोकं साधारण ०.१२ मिलिमीटरची, आणि आतली सुई ज्या खोबणीत वरखाली होते तिथली मोकळी जागा दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. इंजिन २,००० आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला सोळा-सतरा वेळा मुख्य फवारा मारतो, आणि त्याच्या आधी छोटा फवारा मारतो तो वेगळाच.

आता यात मुद्द्याची गोष्ट अशी की या सगळ्या हलणाऱ्या भागांना वेगळं ऑईल नसतं. डिझेल हेच त्यांचं वंगण. डिझेल चांगलं असेल तर सुई लाखो वेळा वरखाली होऊनही टिकते. डिझेलमध्ये पाणी, धूळ किंवा रॉकेल असेल तर तीच सुई घासते, गंजते किंवा अडकते.

खान्देशातलं डिझेल येतं कुठून, आणि बिघडतं कुठे?

आपल्या भागातल्या पंपांना इंधन मोठ्या प्रमाणात येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीहून. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने इंधन तिथे येतं आणि पुढे टँकरने उत्तर महाराष्ट्रात जातं. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या कायद्याविरोधात टँकरचालकांनी काम थांबवलं तेव्हा पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवतंय? तेव्हा पानेवाडीचं नाव घराघरात पोचलं.

पण पानेवाडीचं नाव त्याच्या कितीतरी आधी एका भयंकर कारणाने देशभर गाजलं होतं. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या भागातून जात होते. रस्त्यालगत टँकरमधल्या इंधनात भेसळ सुरू असल्याचा संशय आल्याने ते थांबले. भेसळ करणाऱ्या टोळीने त्यांना तिथेच, दिवसाढवळ्या जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, ठिकठिकाणी छापे पडले, पुढे तपास सीबीआयकडे गेला.

या धंद्याच्या मुळाशी होता दरातला फरक. रेशनचं रॉकेल तेव्हा डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. ते डिझेलमध्ये ओतलं की लिटरमागे सरळ नफा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं तर गाडी बंद पडत नाही, आणि म्हणून तर ही भेसळ चालून जायची. फक्त रॉकेलमध्ये वंगणाचा गुण डिझेलपेक्षा बराच कमी. त्यामुळे पंप आणि इंजेक्टर आतून झिजत राहतात आणि सहा महिन्यांनी, वर्षाने बिल येतं गाडीमालकाला. ज्या गोष्टीसाठी एका अधिकाऱ्याचा जीव गेला ती आपल्या बॉनेटखाली अशी शांतपणे चालू असते.

रेशनचं रॉकेल आता फारसं उरलेलं नाही. त्याची जागा ‘स्वस्त बायोडिझेल’ने घेतलीय. खरं बायोडिझेल वाईट नाही. २०१९ मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीचे नियमही केले, पण ते डिझेलमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळण्यासाठी. रस्त्याकडेला ते नाव लावून जे विकलं जातं ते अनेकदा भलतंच औद्योगिक तेल असतं. शेजारच्या गुजरातमध्ये २०२० आणि २०२१ मध्ये अशा बेकायदा पंपांवर मोठी कारवाई झाली होती. लिटरमागे दहा-पंधरा रुपये वाचतात म्हणून कॉमन रेल गाडीत हे भरणं म्हणजे चपलेचे पैसे वाचवून पाय कापून घेणं.

पण सगळा दोष भेसळीवर टाकून मोकळं होऊ नका. लॅबवाल्याच्या प्रश्नाला मामांनी काय उत्तर दिलं? “घरच्या ड्रममधून.” ट्रॅक्टरसाठी डिझेल आणून ड्रममध्ये ठेवायचं आणि घाईच्या वेळी त्यातूनच गाडीत ओतायचं, हे आपल्याकडे खेडोपाडी चालतं. ड्रम अर्धा रिकामा असला की दिवसा उन्हाने आतली हवा तापते, रात्री गार होते, आणि आतल्या पत्र्यावर पाण्याचे थेंब जमतात. पाणी जड, ते तळाशी बसतं. त्यात गंज, शेतातली बारीक माती. जुना ट्रॅक्टर हे सगळं पचवतो. १,६०० बारचा इंजेक्टर नाही पचवत.

लक्षणं ओळखायची कशी?

सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. गाडी उभी असताना थरथरते, एखादा सिलिंडर ‘मिसिंग’ मारतो. चढावर काळा धूर. एव्हरेज घसरतो. इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा टकटक आवाज येतो. काही वेळा गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो, त्याला लिंप मोड म्हणतात. आमच्या गाडीचं एरंडोलला तेच झालं होतं.

यातलं एक लक्षण मात्र लोक हमखास दुर्लक्षित करतात आणि सगळ्यात धोकादायक तेच आहे. ऑईलची डिपस्टिक काढून बघा. ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय का? येत असेल तर डिझेल पूर्ण न जळता खाली ऑईलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे, आणि गळका इंजेक्टर हे त्याचं एक मोठं कारण. डीपीएफ असलेल्या नव्या गाडीत फिल्टर साफ होताना थोडं डिझेल ऑईलमध्ये उतरतं, पण पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर तिथेही गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं. गळका इंजेक्टर पिस्टनला भोक पाडू शकतो, मग इंजेक्टरचं बिल फार छोटं वाटायला लागतं.

बाकीची लक्षणं मात्र फसवी आहेत. काळा धूर टर्बोचा पाइप फाटल्यानेही येतो, ईजीआर व्हॉल्व्ह चोंदल्यानेही येतो. सकाळी गाडी सुरू न होण्यामागे बॅटरी किंवा ग्लो प्लग असू शकतो. पिकअप जाण्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे चोंदलेला डिझेल फिल्टर. त्यामुळे नुसत्या धुरावरून कोणी ‘इंजेक्टर गेले’ म्हणत असेल तर तो अंदाज सांगतोय, निदान नाही.

मग निदान कसं होतं?

सुरुवात फिल्टरपासून. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. इंजिन बंद करून त्याखाली काचेची बाटली धरायची आणि थोडं डिझेल काढायचं. दहा-पंधरा मिनिटं बाटली स्थिर ठेवली की पाणी खाली वेगळं दिसतं. मामांच्या गाडीत बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी आणि तांबूस गाळ निघाला. डॅशबोर्डवर पाण्याचा वेगळा दिवा असतो, तो आधीच्या महिन्यात दोनदा लागून गेला होता म्हणे. मामांना वाटलं सेन्सर खराब आहे!

मग स्कॅनर. चांगला मेस्तरी नुसता कोड वाचून थांबत नाही. सेल्फ मारताना रेलमध्ये दाब किती तयार होतो ते बघतो. बहुतेक गाड्या सुरू व्हायला किमान दोनशे-अडीचशे बार लागतो. त्यानंतर तो प्रत्येक सिलिंडरचा ‘करेक्शन’ आकडा बघतो. एखादा सिलिंडर मागे पडत असेल तर कॉम्प्युटर त्याला जास्त डिझेल देऊन सावरतो, आणि किती सावरलं ते स्क्रीनवर दिसतं. इथेच एक गफलत होते. सिलिंडर मागे पडतोय तो इंजेक्टरमुळेच असं नाही, कॉम्प्रेशन कमी असलं तरी आकडा तसाच दिसतो. म्हणून शंका आली की कॉम्प्रेशन तपासायचं. किंवा दोन इंजेक्टरची अदलाबदल करायची आणि दोष इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरला जातो का ते बघायचं. दोष जागेवरच राहिला तर इंजेक्टर निर्दोष.

आणि आता सगळ्यात साधी, स्वस्त आणि तरीही अनेक ठिकाणी न केली जाणारी टेस्ट. रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल परत टाकीकडे पाठवतो. त्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांना जोडायच्या, गाडी काही मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवायची. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल आलं तर रिटर्नच्या बाबतीत इंजेक्टर सुस्थितीत. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, रेलचा दाब तिथून पळतोय. (काही गाड्यांत पिझो प्रकारचे इंजेक्टर असतात, त्यांना ही टेस्ट अशी चालत नाही. ते लॅबवाल्याला कळतं.)

आमच्या गाडीच्या तीन बाटल्या जवळजवळ सारख्या भरल्या. तिसऱ्या नंबरची वर आली. चारातला एक.

इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगायची आहे, कारण युट्यूबवर ‘घरीच करा’चे व्हिडिओ खूप आहेत. रिटर्नची नळी वेगळी आणि रेलकडून येणारा लोखंडी पाइप वेगळा. इंजिन चालू असताना तो लोखंडी पाइप कधीही सैल करायचा नाही. जुन्या गाड्यांत मेस्तरी असं करायचे, कॉमन रेलमध्ये ते जिवावर बेतू शकतं. गळती आहे का ते हात फिरवून बघायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. एवढ्या दाबाचा फवारा कातडीतून थेट आत जातो. बाहेर फक्त सुई टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस सडायला लागतं. असं काही झालं तर दुखेपर्यंत थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘हाय प्रेशर डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा. बऱ्याचदा तातडीचं ऑपरेशन लागतं.

साफ करणं म्हणजे काय?

टाकीत ओतायची क्लीनरची बाटली मिळते. नोझलवर कार्बन किंवा चिकट थर साचायला सुरुवात झाली असेल तर चांगल्या क्लीनरने फरक पडू शकतो. झिजलेली सुई, गंजलेली सीट त्याने भरून येत नाही. आणि ‘थोडं रॉकेल टाक, नोझल साफ होतं’ हा जुना सल्ला तर कृपया विसरा. ते का, हे वर आलंच आहे.

खरी सफाई इंजेक्टर काढून होते. तो अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ठेवतात, तिथे द्रवातल्या ध्वनिलहरी कोपऱ्याकोपऱ्यातला कार्बन सोडवतात. मग टेस्ट बेंचवर बसवून वेगवेगळ्या दाबाला तो किती डिझेल फवारतो, किती परत पाठवतो, बंद असताना थेंब गळतो का, हे मोजतात. तारेच्या ब्रशने नोझल घासणारा दिसला तर आपला इंजेक्टर उचलायचा आणि निघायचं. ०.१२ मिलिमीटरच्या भोकांची त्याने वाट लागते.

लॅबमध्ये काय मागायचं? सफाईच्या आधीचे आणि नंतरचे आकडे. बहुतेक बेंच प्रिंट देतात. बदललेले जुने भाग परत मागा. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवाच हवा. जुना लावला तर सिलिंडरमधला वायू बाजूने निसटतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. नवा इंजेक्टर टाकला तर त्याच्यावर छापलेला अक्षर-आकड्यांचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरची फवारणी किंचित वेगळी असते आणि तो फरक कॉम्प्युटरला या कोडवरून कळतो. हे न करता दिलेली गाडी नव्या इंजेक्टरनेही थरथरते, आणि मग आपण पार्टलाच शिव्या घालतो.

पंपावर काय बघता येतं?

डिझेलची घनता. प्रत्येक पंपावर घनता मोजायचं हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता असतो आणि ग्राहकाने मागितलं तर तपासून दाखवावं लागतं. फिल्टर पेपरची टेस्ट पेट्रोलसाठी असते, डिझेलला लागू नाही. मोजलेला आकडा १५ अंश तापमानाला बदलून घ्यायचा असतो. जळगावच्या मे महिन्यात ४२ अंशाला मोजलेलं डिझेल ८११ दाखवेल, पण तक्त्यात बघितलं तर ते ८३० च्या आसपासचं चांगलं डिझेल असतं. त्यामुळे उगाच भांडण काढू नका. पंपावर नोंदलेल्या घनतेपेक्षा तीनहून जास्त फरक आला तर मात्र तक्रार करायला जागा आहे.

याची मर्यादाही सांगायला हवी. ८३० च्या डिझेलमध्ये ८०० चं रॉकेल दहा टक्के मिसळलं तर घनता साधारण तीननेच उतरते. म्हणजे हुशारीने केलेली छोटी भेसळ या चाचणीतून निसटू शकते. म्हणून बिल घ्यायचं, शक्यतो खप जास्त असलेल्या एकाच पंपावर भरायचं, आणि जमिनीतल्या टाकीत टँकर रिकामा होत असेल तर तेव्हा भरायचं टाळायचं, कारण तळाचा गाळ ढवळलेला असतो. त्रास झाल्यास बिलाशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

मामांच्या गाडीचा तिसरा इंजेक्टर नवा टाकावा लागला, बाकीचे तीन साफ होऊन बेंचवर पास झाले. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, इंजिन ऑईलही बदललं. सगळं मिळून बिल पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आलं. लॅबवाल्याने जाताना सांगितलं की पाचशे किलोमीटर झाले की फिल्टरखालचं पाणी पुन्हा एकदा काढून बघा, टाकीच्या कोपऱ्यात काही राहिलं असेल तर ते तेव्हा निघेल. परवा मामांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. काचेची बाटली, त्यात स्वच्छ डिझेल, आणि मागे अंगणात आडवा पडलेला रिकामा ड्रम.